वाळुंजेकर

करार साधा होता. २८० पानांची इंग्रजी कादंबरी, वाचक बारा ते पंधरा वर्षांचे, मुदत चार महिन्यांची. कोल्हापुरातल्या आपल्या घरी तिने पहिलं पान उघडलं आणि पुढचे नऊ दिवस ती त्याच पानावर होती.

अनुवाद हे तिचं पोटापाण्याचं काम. सकाळी बँकांची परिपत्रकं, विम्याच्या अटी, औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या कागदावरचा मजकूर, दुपारनंतर पुस्तकं. वीस वर्षांत एका पानावर इतकं अडून बसायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

गोष्ट एका लहान गावाची होती. नदीचं वळण, काठाला वाळुंजांची रांग, सत्तर-ऐंशी घरं, एक पाणचक्की, एक नावाडी. गावातली माणसं एल्फ. टोकदार कानांची, सहाशे-सातशे वर्षं जगणारी. पण या कादंबरीत राजा नव्हता, तलवार नव्हती, युद्ध नव्हतं. चक्की चालवणारी म्हातारी होती, मधमाश्या पाळणारे दोघे भाऊ होते, छपरं शाकारणारा एक अबोल माणूस होता आणि पाच पिढ्यांना शिकवणारे एक मास्तर होते. तेरा वर्षांची, माणसांच्या वंशातली एक पोरकी मुलगी मेणबत्त्या करायला शिकण्यासाठी तिथे येते. अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं भांडण म्हणजे चक्कीकडे पाणी नेणारा पाट कोणी साफ करायचा, हे. हे भांडण तिला फार आवडलं होतं. काम घेतलं ते त्यापायीच.

आणि अडली ती ‘एल्फ’ या एका शब्दावर.

या शब्दाने तिला आधी एकदा दुखावलं होतं. काही वर्षांपूर्वी एका प्रकाशनासाठी तिने लहान मुलांचं पुस्तक अनुवादित केलं होतं आणि त्यात एल्फसाठी ‘परी’ हा शब्द वापरला होता. पुस्तक छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी तिथे कुणाला तरी वाटलं की ‘एल्फ’च बरं दिसेल. संगणकावर एका झटक्यात सगळीकडचा ‘परी’ काढून ‘एल्फ’ घातला गेला. तिला कोणी विचारलं नाही. पुस्तक हातात आलं तेव्हा एका पानावर मुलं शाळेत ‘एल्फक्षा’ देत होती आणि दुसऱ्या पानावर गावकरी ‘आपापल्या एल्फने’ मदत करत होते. मुखपृष्ठाच्या आत तिचं नाव होतं. ती प्रत तिने आजही कपाटात ठेवली आहे, कुणाला दाखवत नाही. आपण निवडलेला शब्द पक्का नव्हता, म्हणून तो इतक्या सहज हलवता आला, ही बोच तिला तेव्हापासून आहे. या वेळी तिला असा शब्द हवा होता, जो उपटला तर सोबत माती येईल.

मराठीत अशा जिवांची वाण नाही. पण प्रत्येक शब्दाबरोबर त्याचं बिऱ्हाड येतं. परी फारसीतून आली, तिला पंख आहेत आणि ती बाईच असते. दाढी वाढवलेला, छपरावर चढून गवत अंथरणारा परी कसा होईल? ‘गंधर्व’ म्हटलं की मराठी कानाला आधी नाट्यसंगीत ऐकू येतं. नारायणराव राजहंस बालगंधर्व झाले, रामभाऊ कुंदगोळकर सवाई गंधर्व झाले, आणि हा शब्द गळ्यालाच चिकटला. शिवाय ‘गंधर्वनगरी’ म्हणजे आपल्याकडे ढगात दिसणारं, जवळ गेलं की विरून जाणारं शहर. पाटातला गाळ उपसणाऱ्यांच्या गावाला ते नाव देणं म्हणजे गावच पुसून टाकणं. ‘किन्नर’चा अर्थ आता पार बदलला आहे. साती आसरा पाणवठ्याशी असतात खऱ्या, पण त्यांना नमस्कार करून लांबून जायचं असतं; त्यांच्या घरी कोणी मेणबत्त्या शिकायला जात नाही.

युरोपातसुद्धा हा शब्द कायम गोजिरवाणा नव्हता, हे तिला शोधताना कळलं. जुन्या इंग्रजी वैद्यकाच्या हस्तलिखितांत अचानक उठणारी कळ म्हणजे एल्फांनी मारलेला बाण, अशी समजूत दिसते. आपल्याकडे ‘बाहेरची बाधा’ म्हणतात, तसंच काहीसं. जर्मन भाषेत दुःस्वप्नाला जो शब्द आहे, त्यात याच जातकुळीतलं ‘आल्प’ बसलेलं आहे. आणि त्याच वेळी इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या नावाचा अर्थ ‘एल्फांचा सल्ला’ असा होतो. ज्याची भीती वाटते, त्याच्याकडूनच सल्ला घ्यायचा. पुढे काही शतकांत हे प्राणी लहान होत गेले, फुलांच्या पाकळीत मावू लागले. त्यांना पुन्हा माणसाच्या उंचीचं करण्याचं मोठं श्रेय जे. आर. आर. टोल्किन यांच्याकडे जातं.

टोल्किन हे मुळात शब्दांचे कामगार होते, आणि त्यांच्या आयुष्यातला हाच भाग तिला आपला वाटला. पहिल्या महायुद्धातून परत आल्यावर १९१९-२० मध्ये ते ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या कचेरीत नोकरीला होते. डब्ल्यू या अक्षराखालचे शब्द त्यांच्या वाट्याला आले होते. एकेका शब्दाची कुळी शोधायची, चिठ्ठ्या लिहायच्या, अर्थांची उतरंड लावायची. पुढे १९३७ साली आलेल्या ‘द हॉबिट’मध्ये त्यांनी डोंगराच्या कुशीतली एल्फांची एक वस्ती दाखवली, रिव्हेंडेल. दमलेला प्रवासी तिथे पोचतो, जेवतो, झोपतो, बरा होतो. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १९११ मध्ये, ते स्वित्झर्लंडमध्ये पायी हिंडले होते. तिथल्या लाउटरब्रुनेनच्या खोल दरीचं आणि त्यांनी स्वतः रंगवलेल्या रिव्हेंडेलच्या चित्राचं साम्य पाहणाऱ्याला लगेच जाणवतं.

टोल्किन यांच्या एल्फांचं स्वतःच्या भाषेतलं एक जुनं नाव आहे, ‘क्वेंदी’. त्याचा अर्थ ‘आवाजाने बोलणारे’. हे वाचलं त्या रात्री तिने वहीच्या नव्या पानावर फक्त ‘बोलणारे’ एवढंच लिहिलं. एल्फ म्हणजे टोकदार कान नव्हेत, लांबलचक आयुष्यही नव्हे. एल्फ म्हणजे बोलणं. मग तिच्या गावातले लोक एकमेकांशी कसे बोलतात, हे तिला अजून ऐकूच आलेलं नव्हतं.

रिव्हेंडेल या नावाचं जगभरात काय झालं, तेही तिने तपासलं. डच आणि स्वीडिश अनुवाद पाहून टोल्किन नाराज झाले होते. म्हणून १९६० च्या दशकात त्यांनी अनुवादकांसाठी नावांची एक मार्गदर्शिका तयार केली. ती १९७५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापली गेली. इंग्रजी वळणाची नावं अर्थ पाहून आपल्या भाषेत न्यावीत, यादीत नसलेली तशीच ठेवावीत, असं तिचं सूत्र. रिव्हेंडेल म्हणजे चिरलेली, फाकलेली दरी. एल्फांच्या भाषेतलं ‘इम्लाद्रिस’ हे नावही हेच सांगतं. स्वीडिश अनुवादकाने त्या नावात नदी ऐकली आणि गावाचं नाव पाण्यावरून ‘वाट्नादाल’ ठेवलं. जर्मन अनुवादिका मार्गारेट कारू यांनी मात्र ‘ब्रुखताल’ केलं, त्यात मोडलेपण आलं. टोल्किन यांच्या सूचनेवरून त्यांनी ‘एल्फ’ हा पाकळीत बसणारा शब्दही टाळला आणि ‘एल्बेन’ हे जुनं रूप उचललं. फ्रेंचमध्ये आधी ‘फोंकोंब’ होतं. पुढच्या अनुवादकाने ते बदलून ‘फांदव्हाल’ केलं, म्हणजे दुभंगलेली दरी. एकेका गावाच्या नावासाठी लोकांनी किती जीव टाकला होता!

मराठीत याला काय म्हणता येईल, हा तिचा प्रश्न नव्हता, तिचं पुस्तक वेगळं होतं. तरी तिला राहवेना. तिने कागदावर लिहिलं: दरी, खोरं, खिंड, नाळ, कपार, बेचकं, घळ. ‘घळ’शी ती थांबली. महाडजवळची शिवथर घळ, जिथे समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे, ती तिने पावसात पाहिलेली होती. वरून कोसळणारं पाणी, आत कोरडा विसावा, बाहेरचा आवाज आत येताना मऊ झालेला. डोंगर चिरलेला आणि चिरेच्या पोटात आसरा. मराठीत हा अर्थ एका अक्षरजोडीत होता. सह्याद्रीने तो पूर्वीच घडवून ठेवला होता.

मग तिला उत्साह आला. आपल्या गावाचंही असं काहीतरी आधीच घडलेलं असणार.

ते तिला अनपेक्षित ठिकाणी भेटलं. रामटेकला एका नातेवाइकांकडे गेली होती. कालिदासाचा रामगिरी तो हाच, असं मानणारे बरेच आहेत आणि तिथे त्याचं स्मारकही आहे. परतीच्या गाडीत तिने मेघदूताचा मराठी अनुवाद पुन्हा काढला. मराठीला मेघदूताचं वेड जुनं आहे. चिंतामणराव देशमुख, बोरकर, कुसुमाग्रज, शांता शेळके, कितीजणांनी तो आपल्या भाषेत आणला. कॉलेजात तिने तो विरहासाठी वाचला होता. या वेळी तिने तो पत्त्यासाठी वाचला.

उत्तरमेघात यक्ष ढगाला आपलं अलकेतलं घर सांगतो. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला ये. इंद्रधनुष्यासारखी कमान लांबून दिसेल. अंगणात मंदाराचं कोवळं झाड आहे, बायकोने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. फुलांच्या ओझ्याने इतकं वाकलं आहे की गुच्छ हाताने तोडता येतात. पाचूच्या पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या काठी एक लहानशी टेकडी, सोनकेळींचं कुंपण असलेली. जवळ एक तांबडा अशोक आणि एक बकुळ. दोन झाडांच्या मध्ये सोन्याची दांडी, तिच्यावर संध्याकाळी मोर येऊन बसतो आणि बायको टाळ्या वाजवून त्याला नाचवते. दाराच्या दोन्ही बाजूंना शंख आणि कमळ काढलेलं असेल, ते बघ म्हणजे चुकायचा नाहीस.

पाचू आणि सोनं बाजूला ठेवलं तर हा गावाकडचा माणूस पत्ता सांगतो आहे. चावडीच्या मागे ये, अंगणात वाकलेलं झाड दिसेल, विहिरीला वळसा घाल, दारावर चित्रं काढलेली आहेत. देवांशी ऊठबस असलेल्या यक्षाला घराची आठवण येते, तेव्हा त्याला झाड, विहीर आणि टाळ्यांच्या तालावर नाचणारा मोर आठवतो. सांगलीजवळ गाडी थांबली तेव्हा तिने ठरवलं होतं की ‘यक्ष’ हा शब्द घ्यायचा नाही, कारण त्याच्या मागे कुबेर, यक्षप्रश्न आणि पहारा सगळंच येतं. पण पत्ता सांगण्याची ही पद्धत घ्यायची. गाव विशेषणांनी दिसत नाही. ते खुणांनी दिसतं.

पहिली तीन प्रकरणं झाल्यावर संपादकांनी एक चांगला प्रघात पाळला. एका तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात शनिवारी सकाळी वीसेक मुलं जमवली आणि तिला वाचून दाखवायला बोलावलं. अनुवादात तिने सगळ्या एल्फांना ‘आपण’ म्हणायला लावलं होतं. “आपण कोठून आलात?” “आपली आज्ञा असेल तर मी पाणी आणते.” शतकानुशतकं जगणाऱ्यांची भाषा भारदस्त हवी, असं तिला वाटलं होतं. मुलं शांत बसली होती. फार शांत. वाचन संपलं आणि सातवीतल्या एका मुलाने हात वर केला.

“मॅडम, हे लोक घरीपण असंच बोलतात?”

तिला उत्तर देता आलं नाही. तो पुढे म्हणाला, “म्हणजे, ते टीव्हीवर पौराणिकमध्ये बोलतात ना, तसं वाटतंय. पाट कोण साफ करणार म्हणून भांडताना कोण ‘आपण’ म्हणतं?”

बसमधून परत येताना तिने ती तिन्ही प्रकरणं मनातल्या मनात रद्द केली होती.

इंग्रजीला द्वितीयपुरुषी एकच सर्वनाम पुरतं. मराठीत तू, तुम्ही, आपण, आणि त्यांच्या पोटात किती पायऱ्या! टोल्किन यांना ही उणीव इंग्रजीत जाणवली होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटच्या परिशिष्टात ते सांगतात की त्यांच्या कथेतल्या सामान्य भाषेत सलगीचं आणि आदराचं अशी दोन रूपं होती, पण हॉबिटांच्या गावाकडे आदराचं रूप बोलण्यातून गेलेलं होतं. त्यामुळे पिपिन हा हॉबिट परक्या राजधानीत गेल्यावर थोरामोठ्यांना, खुद्द तिथल्या कारभाऱ्यालाही, सरसकट ‘तू’ म्हणतो. आणि नोकरचाकरांना वाटतं, हा आपल्या मुलखात कोणीतरी मोठा सरदार असला पाहिजे. ही सगळी गंमत इंग्रजी मजकुरात दिसूच शकत नाही, म्हणून ती परिशिष्टात सांगावी लागली. मराठीत ती वाक्यावाक्यात दिसली असती.

म्हणजे तिच्या हातात मूळ पुस्तकापेक्षा एक अवजार जास्त होतं आणि तिने ते पेटीतून बाहेरच काढलं नव्हतं.

तिने एक मोठा कागद घेतला. उभ्या ओळीत गावातली एकोणीस माणसं, आडव्या ओळीतही तीच. कोण कोणाला काय म्हणतं, ते प्रत्येक चौकटीत भरायचं. भरताना तिला आपलीच भाषा नव्याने दिसू लागली. मराठीत वय वाढलं की ‘तुम्ही’ येतं, हे अर्धंच खरं. आजीला आपण ‘तू’ म्हणतो. आईला ‘तू’. विठ्ठलालाही ‘तू’. जे फार जुनं आणि फार जवळचं, तिथे मान खाली उतरून मांडीवर येऊन बसतो. मग चक्कीवरची सहाशे वर्षांची म्हातारी गावातल्या लहानथोरांची ‘आजी’ झाली आणि सगळे तिला ‘तू’ म्हणू लागले. मास्तरांना मात्र ती आजीसुद्धा ‘तुम्ही’च म्हणणार, कारण तिची पाचही मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. मधमाश्यावाले भाऊ एकमेकांना ‘अरे-तुरे’ करणार, पण पाटाच्या भांडणात धाकटा एकदम ‘तुम्ही’वर येणार. “तुम्ही मोठे, तुम्हीच ठरवा.” मराठी घरात वाढलेल्या कुणालाही कळेल की आता प्रकरण चिघळलं आहे.

सगळ्यात कठीण चौकट होती त्या मुलीची आणि आजीची. मुलगी बाहेरून आलेली, परक्या वंशाची. ती सुरुवातीला ‘तुम्ही’च म्हणणार. पण पुस्तकाच्या शेवटी ती त्या घरची झालेली असते, तेव्हा ‘तुम्ही’ चालणार नाही. मग बदल नेमका कुठे होतो? इंग्रजीत तसा क्षण नव्हताच, असू शकत नव्हता. तिने मूळ पुस्तक फक्त एवढ्यासाठी पुन्हा वाचलं, पेन्सिल हातात धरून, एखाद्याच्या बोलण्यातला कंप ऐकावा तसं.

तो १६३ व्या पानावर सापडला. दोघी मेण वितळवत असतात. आजीचा हात घसरतो आणि उकळतं मेण तिच्या मनगटावर सांडतं. मुलगी ओरडते. इंग्रजीत तीन-चार शब्दांची आज्ञा आहे, हात हलवू नये असं सांगणारी. तिने लिहिलं: “थांब! हलवू नकोस!” आणि पुढच्या ओळीत, पाण्याचा हंडा आणायला धावताना, मुलीला आपण काय बोललो ते कळतं की नाही, हे मूळ लेखिकेसारखंच तिनेही लिहिलं नाही. त्यानंतर त्या दोघींमध्ये ‘तुम्ही’ पुन्हा कधी येत नाही. कुणी त्याकडे बोट दाखवत नाही. पुढच्या वाचनाला त्याच मुलांपुढे हे पान आलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलीने शेजारणीला हळूच कोपर मारलं. तिला तेवढं पुरलं.

बोलणं ऐकू येऊ लागल्यावर वस्तूंची नावं भराभर लागली, तरी काही ठिकाणी खड्डे होतेच. वस्ती म्हणायचं, वाडी म्हणायचं की पेठ? ‘नगर’ फार मोठं, ‘पाडा’ वेगळ्या मुलखातला. तिने मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश असे दोन्ही टेबलावर मांडले आणि ‘कसबा’वर स्थिरावली. आठवडी बाजार भरतो, आजूबाजूच्या वाड्यांची माणसं येतात, पण वेशीपासून वेशीपर्यंत चालायला दहा मिनिटं पुरतात, असं गाव. शब्द अरबीतून आलेला, पण पुण्यापासून कोकणापर्यंत रुळलेला. बलुतेदारी मात्र तिने ठामपणे बाहेर ठेवली. चक्कीवाली, छपरं शाकारणारा, मेणवाली यांना ‘बलुतेदार’ म्हटलं असतं तर वाचकाला लगेच ओळख पटली असती, हे खरं. पण त्या शब्दाबरोबर जन्माने ठरणारं काम आणि वेशीबाहेरची घरंही त्या गावात शिरली असती. मूळ पुस्तकात कुणीही कुठलंही काम शिकू शकतं. मुलगी तिथे येते तीच त्यामुळे.

पाटाच्या भांडणासाठी तिला पुस्तकातले शब्द नको होते. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीबद्दल तिने ऐकलं होतं. पांझरा, मोसम अशा नद्यांवर बंधारे घालून, पाट काढून, शेतकऱ्यांनी शतकानुशतकं आपसांत पाणी वाटून घेतलं, ती पद्धत. नाशिकच्या एका मैत्रिणीच्या वडिलांशी फोनवर पाऊण तास बोलून तिने शब्द टिपले. पाण्याची पाळी. पाटकरी, म्हणजे पाट सांभाळणारा. सांडवा. गाळ काढायला घरटी एक माणूस. ते सहज म्हणाले, “खालच्याला पाणी मिळालं नाही तर वरच्याची झोप उडाली पाहिजे, तेव्हा पाट चालतो.” हे वाक्य तिने पुस्तकात घातलं नाही, मूळ लेखिकेचं ते नव्हतं. पण ते ऐकल्यावर भांडणाचं प्रकरण एका बैठकीत उतरलं. एल्फांच्या गावात पाटकरी आला आणि तो परका वाटला नाही.

खाण्याच्या बाबतीत ती उलट वागली. मुळात चेस्टनटच्या पिठाचा, भट्टीत भाजलेला पाव होता. पहिल्या खर्ड्यात तिने त्याची भाकरी केली होती. पण भाकरी आली की तवा येतो, चूल येते, ठेचा येतो आणि वाचक आपल्याच स्वयंपाकघरात जाऊन बसतो. बोलणं आपलं असावं, पण ताटात काय आहे हे बघायला वाचकाने पाहुण्यासारखं थोडं पुढे वाकावं. चेस्टनट चेस्टनटच राहिला, पाव पावच राहिला.

उरलं गावाचं नाव. मूळ नावात दोन शब्द जोडलेले होते, वाळुंजाचं झाड आणि नदी ओलांडायची जागा. इंग्रजी नाव तसंच ठेवलं तर मुलं त्यावर अडखळत होती. ‘वाळुंजउतार’ अर्थाला बरोबर होतं, तोंडात मात्र बसत नव्हतं. आपल्याकडे गावाला नाव देताना कोणी एवढं तपशिलात जात नाही. वडाचं वडगाव, पिंपळाचं पिंपळगाव, संपलं. तिने ‘वाळुंजे’ लिहिलं. ज्याला झाड माहीत आहे त्याला झाड दिसेल, ज्याला माहीत नाही त्याला नुसतं नाव ऐकू येईल. गावाच्या नावाचं तसंच असतं.

संपादकांना ते पटेना. “अहो ताई, हे नाशिककडचं गाव वाटेल. एल्फ राहतात तिथे!”

“सर, एल्फ हा शब्द गावाबाहेरची माणसं वापरतात,” ती म्हणाली. “मी पूर्ण पुस्तक तपासलंय. मुळातही गावातलं कोणी स्वतःला एल्फ म्हणत नाही. एकदाही नाही. मग बाहेरच्यांच्या तोंडी ‘एल्फ’ राहू दे. आतली माणसं स्वतःला काय म्हणतील?”

ते काही बोलले नाहीत.

“वाळुंजेकर,” ती म्हणाली.

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, “मूळ लेखिकेला विचारलंत?” तिने आधीच पत्र लिहिलेलं होतं. मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ लागला की माणूस तयार होतो, त्याला वंश विचारावा लागत नाही, पिढ्यान्‌पिढ्या ते नाव त्याच्यासोबत जातं, गाव सुटलं तरी जातं, हे तिने इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. उत्तर दोन आठवड्यांनी आलं. लेखिकेने होकार दिला होता आणि विचारलं होतं, हा ‘कर’ बाहेरून येऊन राहिलेल्याला मिळतो का?

हा प्रश्न घेऊन ती शेवटच्या प्रकरणाकडे वळली.

मुदत कधीच उलटून गेली होती. चार महिन्यांचे सात झाले होते आणि त्या काळात परिपत्रकांवरच घर चाललं. पहिल्या प्रकरणात नावाडी त्या मुलीला विचारतो की ती कुठून आली. मुलगी आपल्या जुन्या गावाचं नाव सांगते, तो मान हलवतो. शेवटच्या प्रकरणात ती हिवाळाभर बाहेर राहून परतते. तिला न ओळखणारा नवा नावाडी तोच प्रश्न करतो. इंग्रजीत तिचं उत्तर दोन शब्दांचं आहे, ‘इथलीच’ अशा अर्थाचं. दोन्ही जागी तिने प्रश्न तोच ठेवला होता, एसटीत शेजारी बसलेली बाई विचारते तो: “कुठली गं तू?”

छपाईआधीचा शेवटचा तपासणीचा खर्डा आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. ‘परी’ आणि ‘एल्फ’ दोन्ही तिने संगणकावर शोधून, एकेक जागा डोळ्यांनी बघून घेतली. मग शेवटचं पान काढलं. ‘इथलीच’ या शब्दावर पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि समासात लिहिलं:

“वाळुंजेकर.”

नावाड्याने दोरी सोडली आणि तिला बसायला जागा करून दिली.